हातचा एक

मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं खतावणी लिहिली,
आकड्यांना मी भीत नाही.
इथे फक्त अक्षर लागत नाही –
शाई गोठायच्या आत पान उरकणाऱ्या
आखडलेल्या बोटांचं अक्षर.

दप्तरखान्यात पाचवा दिवस. तीन वाजताच खिडकी काळी.
केतिलरीदुरबाई न विचारता दिवा सरकवतात
आणि पेन्सिल देतात. पेनाला इथे बंदी.

नाव: साल्वोर. वय: नऊ.
घरधन्याशी नातं: आश्रित.
वाचन: जेमतेम.
वर्तन: गप्प.

गप्प हे वर्तन कसं झालं, पाद्रीबुवा?
विचारायला मी फार उशिरा आले.

दुसरी वही, पंचायतीची.
अनाथ पोराचा लिलाव इथे उलटा चाले:
जो कमीत कमी मागेल, पोर त्याच्या घरी.
काल्दाबक्कीवाल्याने मागितल्या एकशे वीस मासळ्या.
स्तोरागिलवाल्याने पंचाण्णव.
पुढल्या वर्षी त्यानेच ऐंशी,
कारण, शेरा आहे, 'आता मेंढ्यांमागे जाते'.

वापराने किंमत उतरते,
त्याला आमच्या धंद्यात घसारा म्हणतात.
हिची उतरत गेली
जसजशी ती कामाची होत गेली.
पंधराव्या वर्षी शून्य.
शून्याखाली दोन रेघा, हिशेब मिटल्याच्या.
(त्याआधी सलग दोन वर्षं वय चौदाच.
एक वर्ष कुणीतरी जेवणात धरलं, वयात नाही.)

मी बेरीज केली. सवय.
सहा हिवाळे, पाचशे दहा मासळ्या.
आमच्या पट्ट्यावरून एवढ्या
सकाळच्या कॉफीआधी जातात.

मग मजूर. मजूर. मजूर.
दर मे महिन्यात नवं शेत, तीच पेटी.
आणि अठराशे सत्तरचा हिवाळा
कुठेच नाही.
शेजारचे तीन परगणे पाहिले, मृत्यूंची वही पाहिली,
जहाजांच्या याद्या, दंडांची यादीसुद्धा.
एक अख्खी बाई ताळ्यातून गळते
आणि जूनमध्ये परत येते
कडेवर बाकी घेऊन:

मुलगा. आई: साल्वोर, मजूर.
बाप:

पुढे नाव नाही. फक्त एक ठिपका,
निब टेकवून पाद्री थांबला तेवढा.
भिंगाखाली तो ठिपका फुगलेला दिसतो.
बराच वेळ थांबला असावा. तिने सांगितलं नसावं,
किंवा सांगितलं, आणि त्याला लिहवेना.

आम्हाला आडनावं नसतात.
बापाच्या नावाला शेपूट जोडलं की माणूस पुरा.
पोराला जोडायला बाप नव्हता,
म्हणून त्याला ती जोडली:
यातमुंदुर साल्वारारसोन.
साल्वोरचा मुलगा. चर्चमध्ये, होडीवर, कर्जाच्या कागदावर,
जिथे जिथे त्याला मोठ्याने पुकारलं
तिथे तिथे तिला.

तो माझा पणजोबा.
त्याचा मुलगा यातमुंदसोन झाला
आणि ती पुसली गेली.
नाव आमच्याकडे एका पिढीचंच.
मी स्तेइन्थोरची मुलगी. माझ्या सहीत
तिचं एक अक्षर नाही.

शाळेत बाई सांगायच्या,
हातचा एक डोक्यावर बारीक लिहा,
पुढच्या घरात मिळवा, मग खोडून टाका.
मी खोडत नसे. मार खाल्ला त्यासाठी.

धाकटा भाऊ फोनवर म्हणतो, अंदाजाने लिहून टाक,
औदनीरचा तो विधुर मेंढपाळ, जुळतंय सगळं.
वंशवृक्षात भोक बरं दिसत नाही.
त्याला म्हटलं, बघते.

घंटा झाली. केतिलरीदुरबाई वह्या मोजून घेतात,
मागणीचिठ्ठीवर एक रकाना राहिलाय म्हणतात:
शोधलेल्या व्यक्तीशी नातं.
मी 'खापरपणजी' लिहिते,
मग शेजारी, बारीक, वरच्या कोपऱ्यात,
एक.

त्या पाहतात. काही विचारत नाहीत.
पेन्सिल मात्र परत मागतात.